दुसऱ्या अर्जाचं पत्र
आमच्या साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर. त्या दुष्काळात ऊसच नव्हता, गाळप बंद, कामगारांची बिऱ्हाडं आपापल्या गावी गेलेली. दिवसभर मी आणि डॉक्टर, दोघंच.

डॉक्टर रशियात शिकून आलेले, वयानं माझ्या पोरासारखे. सर्जन व्हायला अमेरिकेत अर्ज करत होते. सरावासाठी टेबलाच्या ड्रॉवरच्या कडीला टाक्यांचा दोरा लावून एका हातानं गाठी मारत बसायचे. चहा पिताना, फोनवर बोलतानासुद्धा. संध्याकाळी कडीला जटा फुटल्यासारख्या दिसायच्या. त्या कापायचं काम माझं.

पाण्याचा टँकर येऊन गेला की एक म्हातारी यायची. दुखत काहीच नसायचं. लेक-सून कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले, घरी बोलायला कुणी नाही. डॉक्टर रोज तिचं बीपी बघायचे आणि ती तासभर बोलायची.

एकदा डॉक्टरांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "काका, सर्जरी न्हाई मिळाली तर हात रिकामे नकोत, म्हणून फॅमिली मेडिसिनला, म्हंजी घरच्या डॉक्टरकीलाबी अर्ज टाकतोय. त्याला, हेच का करायचंय ते सांगणारं येगळं पत्र लागतं." मग त्यांनी पत्र मराठीत सांगितलं. मला पेशंटचं ऐकत बसायला आवडतं, असं त्यात होतं.

"लई खोटं वाटतंय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

ते हसले. "चला, खोटं जमलं म्हणायचं."

म्हातारी बोलायची तेवढाच वेळ त्यांच्या हातातला दोरा सैल पडायचा. ते सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी पुढची गाठ मारायला घेतली होती.