सागवानाचा तुकडा

नवऱ्याच्या गिटारची एक तार गेल्या रविवारी आपली आपणच तुटली. त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्याने लावलेल्या सुरांत गिटार तशीच भिंतीला टांगलेली होती. मी फक्त फडक्याने धूळ पुसायचे.

या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लोखंडी पट्टी, अधांतरी असतो. पुढून त्याला तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. एक तार गेली की तो मागे झुकतो आणि उरलेल्या पाचही बेसूर होतात. मी एकेक छेडून पाहिली. त्याने लावलेला एकही सूर उरला नव्हता. मला रडू आलं, आणि त्याचा रागही.

चिंचपोकळीच्या आमच्या दीड खोलीत नव्या तारा लावून ब्रिज सरळ करायची ही जुळणी दर दोन-तीन महिन्यांनी व्हायची, नेमकी मी भाजी निवडायला बसले की. "अगं, ये ना जरा, समोर बस." तो गिटार मांडीवर उभी धरून मागचे स्क्रू पिळायचा आणि ब्रिज सरळ झाला का, हे मी पुढून बघून सांगायचं. तास जायचा. तेवढ्यात ऑफिसातलं, ऑर्केस्ट्रातलं, कोण कोणाला काय बोललं, सगळं सांगून व्हायचं. मला मेला कंटाळा यायचा. मी न बघताच म्हणायचे, "झाला रे, सरळ झाला." तरी गिटार कधी बेसूर वाजली नाही. मला वाटायचं, आपली नजरच पक्की.

तारा आणायला दादरच्या दुकानात गेले. तिथला म्हातारा कारागीर त्याला चांगला ओळखायचा. मी म्हटलं, "लावेन मीच, पण समोर बसायला कोणी नाही."

"समोर कशाला कोण पायजे, वहिनी? सागवानाचा तुकडा असेल बघा घरात, रे रोडच्या वखारीतला. मागच्या खाचेत तो बसवला की ब्रिज हलत नाय. तारा लावायच्या, मग स्प्रिंगा आवळत जायच्या. तुकडा आपसूक पडला की समजायचं, जमलं. एकट्याचं काम आहे. तुमच्या लग्नाआधीच शिकवलेलं मी त्याला."

तुकडा मला माहीत होता. नवरा गेल्यावर, हलणाऱ्या कपाटाच्या पायाखाली मीच तो सारला होता.

घरी येऊन काढला. कपाट पुन्हा हलायला लागलं. तुकड्याच्या कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. गिटारमागचं झाकण उघडून तो खाचेत बसवला, स्प्रिंगा सैल केल्या, मोबाइलवर सूर बघत सहाही तारा लावल्या. मग स्प्रिंगांचे स्क्रू एकेक वेढा आवळत गेले. दुपारची चाळ सामसूम होती, मला हाक मारणारं कोणी नव्हतं. बऱ्याच वेळाने तुकडा टपकन मांडीवर पडला.

खरंच एकट्याचं काम होतं. इतकी वर्षं त्याला माझी नजर नकोच होती. मी समोर बसायला हवी होते, तेवढंच, आणि तेही मी उरकून टाकलं.

गिटार भिंतीला टेकवली, समोर जाऊन बसले आणि ब्रिजच्या पातळीला डोळा नेला.

"झाला रे, सरळ झाला," मी म्हटलं. या वेळी बघून म्हटलं.