राज्य सोडलं, ताट सुटेना

मला श्रीखंडाची शिसारी बसली ती २००५च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत, शुगर लँड गावी. बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. इतिहासाचे निवृत्त मास्तर, जुना डायबेटिस, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला कशानंही भरून न येणारी जखम. इथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, शुगर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल.

बाहेर ऊन मी म्हणायचं, म्हणून बाबा दिवसभर एसीत बसून लायब्ररीतलं एक जाडजूड पुस्तक वाचत. सोळाव्या शतकातल्या एका सम्राटाचं. स्पेन त्याचं, नेदरलँड्स त्याचं, जर्मनीचा मुकुट त्याचा. जन्मभर फ्रान्सशी लढला, तुर्कांशी लढला, धर्मावरून स्वतःच्याच मांडलिक राजांशी भांडला. शेवटी कंटाळून सगळं मुलाला नि भावाला देऊन टाकलं आणि एका मठाला लागून घर बांधून राहिला. तिथे जाऊन काय केलं? खाल्लं! खालचा जबडा इतका पुढे आलेला की घास धड चावता येईना, तरी सकाळपासून थंडगार बिअर, खारवलेले मासे, मांस. सांधे सुजलेले, खुर्चीत घालून उचलून न्यायचे त्याला. प्रार्थनेआधी उपाशी राहायचा नियम होता, तर यानं थेट पोपकडून सूट मिळवली.

"म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी तिकडेही!" बाबा खो खो हसले. "मूर्ख लेकाचा. राज्य सोडलं, ताट सुटेना."

त्याच शनिवारी ओळखीच्या एका काकूंकडे पॉटलक होता, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. मी दारातच हात जोडले, "बाबांना गोड देऊ नका, प्लीज. अंगठ्याचा प्रश्न आहे."

"हो गं, डोन्ट वरी," म्हणाल्या त्या. आणि पंधरा मिनिटांत श्रीखंडाची वाटी घेऊन बाबांपुढे हजर. "पहिल्यांदा आलात आमच्याकडे, एवढंसं घ्याच. माझी शपथ!" पाठोपाठ पुण्याचा एक आयटीवाला, "यार, काकांना एन्जॉय तर करू दे. उद्या एक गोळी जास्त घेतील." ह्यांच्या बापाचं काय जातंय? बाबा दोनदा नको म्हणाले, ते नको म्हणण्याची पद्धत असते म्हणून. मग तिसरी वाटी. मिशीला पिवळं श्रीखंड, डोळे मिटलेले, बोटं चाटताहेत. स्वतःच्या बापाची किळस यावी, ह्यासारखं घाणेरडं काही नाही.

गाडीत म्हणाले, "लोकांचं मन मोडवत नाही गं."

"मन मोडवत नाही! अंगठा गेला तर चालतो?"

पुढचे शनिवारही असेच गेले.

ऑगस्टमध्ये अंगठा काढला. दुसऱ्या दिवशी त्याच काकू हॉस्पिटलमध्ये हजर, हातात स्टीलचा डबा. "पुरणपोळ्या आणल्यात, मऊ लुसलुशीत. डॉक्टरांना काय कळतंय? आजारी माणसाला ताकद नको?"

मी त्यांच्या देखत डबा उघडला आणि तुपानं थबथबलेल्या सगळ्या पोळ्या कचऱ्यात टाकल्या. काकू "अगं, अन्न आहे ते!" म्हणत रडवेल्या झाल्या आणि रिकामा डबा घेऊन निघून गेल्या.

बाबांचा पाय पट्टीत गुंडाळून उशीवर ठेवलेला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कचऱ्याच्या डब्याकडे बघत हळूच म्हणाले, "एखादी तरी ठेवायची होतीस गं."