खाडीवरची मूडी मोटार

लग्न झालं त्याच वर्षी मी चेन्नईला आले. हे मूळचे गावाकडच्या खाडीकाठचे, होडीच्या मशीनवर लहानपणापासून हात बसलेला. शहराबाहेर खाडीत पाहुण्यांना फिरवून आणणारा एक मालक होता, त्याने यांना होडीच्या मोटारीच्या कामावर ठेवून घेतलं. राहायला शेडमागची खोली. तिला एकच खिडकी, तीही धक्क्याच्या बाजूला. बाहेर सगळे तमीळ बोलणार. मी चौथी शिकलेली आणि मराठी माणसांतही बोलायला घाबरणारी. दार लोटून घ्यायचं आणि खिडकीतून बघत बसायचं, एवढाच माझा दिवस.

सातवा महिना लागला तसा आईचा फोनवर धोशा सुरू झाला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण मला न्यायला येणार कोण? वडील नाहीत, भाऊ अजून शाळेत. यांनीच पोचवायला हवं होतं. आणि मालकाने यांना साफ सांगितलं होतं, "पहले मोटर ठीक करो, फिर छुट्टी."

मोटार काही ठीक होईना. सकाळी दोरी ओढली की पहिल्याच झटक्याला सुरू. होडी खाडीच्या मध्यावर गेली की आचके देऊन बंद. मग हे दोरी ओढून ओढून घामाघूम. प्लग पुसून झाला, बदलून झाला. कार्बोरेटर खोलून साफ केला. पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकी उघडून बघायचे, झाकण लावायचे, आणि मोटार पुन्हा सुरू! जरा वेळाने परत तेच. टाकीच्या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो, तो दाबला की पेट्रोल पुढे सरकतं. मोटार बंद पडली की तो फुगाही चपटा झालेला असायचा. मी खिडकीतून बघत असे.

धक्क्यावर एक म्हातारे वॉचमन होते. ते टाकीकडे हात करून म्हणायचे, "तंबी, मूडी! मूडी!"

हे हसायचे. "हां तात्ता, बहुत मूडी!"

जेवताना मला म्हणाले, "बघ, म्हाताऱ्याक पण समजला. मोटार नाय गो ती, माझी सासू. मनात येईल तेव्हाच बोलतली."

"माझ्या आईला कशाला मध्ये आणता?" मी म्हटलं.

वॉचमनची बायको कधीतरी माझ्याकडे डोकवायची. मी तिला अक्का म्हणत असे. पुढचं सगळं खुणांनी. एकदा चुलीवर माझी आमटी उघडीच होती आणि वरून काजळी पडायला लागली, तेव्हा ती इकडेतिकडे बघत ओरडली, "मूडी एंगे? मूडी!" मला काही कळेना. तिनेच फळीवरचं झाकण उचललं आणि माझ्यासमोर नाचवलं. "मूडी!"

मी झाकणाकडे बघतच राहिले. म्हातारे मोटारीच्या स्वभावाबद्दल बोलतच नव्हते.

यांना सांगायचं म्हणजे मला संध्याकाळपर्यंत धीर होईना. शेवटी ताट वाढताना म्हटलं, "अहो, मूडी म्हणजे झाकण."

"मेकॅनिक झालंस की काय गो?" असं म्हणून हे हसले खरे, पण घास तसाच ठेवून उठले. टाकीचं झाकण फिरवलं तर फुस्स करून हवा आत गेली. जुनं झाकण कधीतरी पाण्यात पडलं होतं आणि मालकाने बाजारातून मापाचं दुसरं आणून बसवलं होतं. त्याला हवेचं भोकच नव्हतं! पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला नको? मी चुलीवर दाभण तापवून दिलं, यांनी झाकण धुऊन कोरडं करून त्याला भोक पाडलं.

दुसऱ्या दिवशी होडी खाडीला वळसा घालून आली. मोटार एकदाही बंद पडली नाही. मालक स्वतः बसून फिरून आला. यांनी सुट्टीचं काढलं तर म्हणाला, "अभी तो सीज़न है. तू गया तो कौन देखेगा? पोंगल के बाद."

पोंगल म्हणजे आपली संक्रांत, तोवर मला नववा सरत आला असता. तशात दोन दिवसांच्या गाडीत कोण बसू देणार? हे टाकीत पेट्रोल भरायला लागले.

दुपारी धक्क्यावर यांच्या मोबाइलवर आईचा फोन आला, यांनी मला हाक मारून तो दिला. शेजाऱ्यांकडून करत होती; मोटारीचं यांनी सकाळीच तिकडे कळवलं होतं. "मोटार बरी झाली म्हणे! मगे आता कधी येतंस गो? मागची खोली सारवून ठेवलंय."

मी "हो" म्हटलं. पलीकडून आई "हॅलो, हॅलो" करत होती. मी फोन यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

यांनी तो कानाला लावला नाही. होडीत पाहुणे बसले होते, एक बाई लवकर चला म्हणून हात हलवत होती. यांनी बटण दाबून फोन खिशात टाकला. "संध्याकाळी बघू," म्हणाले आणि होडीकडे गेले.

मोटार एका झटक्यात सुरू झाली. मी खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.