होडीच्या सुताराबरोबर व्हिस्कीच्या पिंपापर्यंत

तारापूरजवळच्या माझ्या आजोळी आता लाकडी होड्या कुणी बांधत नाही, सगळ्या फायबरच्या झाल्या. माझा मामा होड्यांचा सुतार. मधली काही वर्षं तो खिडक्या-दरवाजे दुरुस्त करत होता. मग चिल्हार रस्त्यावरच्या एका छोट्या व्हिस्की कारखान्यानं त्याला एक गळकं पिंप दुरुस्तीला दिलं. दुरुस्त झालेलं पिंप भरून त्यांनी महिनाभर ठेवलं होतं आणि शनिवारी ते उघडणार होते. ते चांगलं निघालं, तर तिथल्या सगळ्या पिंपांचं काम मामाकडे येणार होतं. व्हिस्कीबद्दल मिळेल ते मी वाचतो हे मामाला माहीत होतं, म्हणून त्यानं मला बोलावलं.

पालघरहून बोईसरला सकाळची एसटी घ्यावी. बोईसर स्टेशनबाहेर तारापूरकडे जाणाऱ्या शेअर रिक्षा मिळतात, पण कारखान्यांची शिफ्ट सुटते त्या वेळी जाऊ नये. भाडं बसण्याआधी विचारून घ्यावं.

शनिवारी मामाकडे पोचलो, तेव्हा मामीनं सुकट-भाकरी वाढली. मी फक्त चहा घेतला. व्हिस्की चाखायच्या दिवशी लसूण, तिखट, अत्तर, पान हे सगळं टाळायचं असतं.

"उपास धरून दारू प्यायला चाललेला पहिलाच बघते मी," मामी म्हणाली.

मामानं माझ्या वाटची भाकरीही खाल्ली. "पिऊन काय बघायचं हाय? एक थेंब गळलं नसंल. तू उगा घाबरतंस."

कारखान्यात आधी कळवूनच जावं लागतं. चाखायची असेल तर वयाचा पुरावा आणि परवाना जवळ हवा, आणि परतीची गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी. सुलभा मॅडम तिथल्या मुख्य. त्यांनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, दळतात. गरम पाण्यात त्यातला गोडवा उतरतो. यीस्टनं तो आंबतो आणि मग तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातन होतं. सुरुवातीची आणि शेवटची धार बाजूला काढतात, मधलीच घेतात. ती पाण्यासारखी रंगहीन असते. रंग आणि निम्म्याहून जास्त चव आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातून येते. त्यामुळे बाटलीवरची वर्षं बघून भाव ठरवू नका. आपल्या हवेत व्हिस्की लवकर मुरते, पण उडूनही लवकर जाते. त्या उडणाऱ्या भागाला देवदूतांचा वाटा म्हणतात, हे मी मामाला सांगितलं.

"इथल्या उन्हात त्यांना पण तहान लागत असंल," मामा म्हणाला.

त्याचं पिंप कोपऱ्यात होतं. खालची फरशी कोरडी. मामानं झाकणाच्या फळ्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी लांब नळीनं थोडी व्हिस्की काढून तीन पेल्यांत ओतली.

पेला नाकाशी नेताना तोंड किंचित उघडं ठेवावं, नाहीतर नुसता झणका बसतो. मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा हुंगावं. मी तसंच केलं. आधी ओल्या लाकडाचा वास आला. पाणी घातल्यावर मात्र आजोळचा किनारा आला, पावसाळ्यात वर ओढलेल्या होड्यांचा.

"मला काय लागत नाय," मामा म्हणाला. "बरी हाय. ना रे?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मामाही बघत होता.

"मामा, फळ्यांच्या सांध्यात काय भरलंस?"

"कापूस. होडीला भरतात तसाच."

"तेलातला?"

"मग कोरडा भरतात काय? माशाच्या तेलातला. आमी पिढ्यान् पिढ्या तेच…"

तो तिथेच थांबला. पेला पुन्हा नाकाशी नेला. त्या तेलात त्याचं आयुष्य गेलंय, त्याला तो वास येणारच नव्हता.

"येतोय वास," मी म्हणालो. "तेलाचाच."

मॅडमनी मान डोलावली. "मलाही आला. हा माल परत भट्टीत जाईल. पण पिंप गळलं नाही, हेही खरं. मामा, बाहेरच्या देशांत सांध्यात पाणकणसाचं, म्हणजे ओहोळात तपकिरी कणसांचं गवत उगवतं ना, त्याचं वाळलेलं पातं घालतात. ते भिजलं की फुगतं आणि त्याला वास नसतो. आणखी एक पिंप देते. त्यावरून ठरवू."

परत येताना पाम गावाजवळ मामानं रिक्षा थांबवली, चपला काढल्या आणि ओहोळात उतरला. तपकिरी कणसांची उंच, सपाट पाती कापून त्यानं भारा माझ्या मांडीवर टाकला. "धर. आन् घरी जाऊन आयशीला सांगू नको, मामाची दारू बोंबलासारखी लागली म्हणून."

पालघरला पोचल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की शेजारची काकू विचारायला आली.

त्या सहलीतून व्हिस्कीबद्दल पुस्तकांपेक्षा जास्त कळलं. चाखण्यात जीभ नंतर येते, आधी नाक, आणि ज्या वासात आपण राहतो तो आपल्याला येत नाही. मला मात्र मामासमोर ते बोलल्याची धाकधूक राहिली होती.

दुसरं पिंप तयार झालं तेव्हा त्याचा फोन आला. गेलो. टेम्पो दारात उभा होता, चालक हॉर्न वाजवत होता.

"थांब रे," मामा त्याला म्हणाला. "भाच्याचं नाक अजून लागायचंय." आणि पिंपाचं बूच काढून बाजूला झाला.

मी वाकून हुंगलं. जळका ओक, थोडं सुकं गवत. खात्रीसाठी पुन्हा हुंगलं. मामानं घाई केली नाही.

"चढव," मी म्हणालो.