टाळ्या पडल्या, पायऱ्या राहिल्या

वैजयंतीताई बोलायला उभ्या राहिल्या की पदर डाव्या हातात धरतात आणि उजवा हात मोकळा सोडतात. साताऱ्याला शाळेत वक्तृत्व स्पर्धेच्या बाईंनी तसं शिकवलं होतं, एक हात हावभावांसाठी राखायचा म्हणून. त्या वेळच्या ढाली अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहेत, काच पुसून, ओळीने मांडलेल्या.

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दाराला लागून. त्यांचे यजमान सुभाषराव न्हावा शेव्याच्या बंदरात क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला होते. रिटायर झाले आणि वर्षभरात पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, घरात व्हीलचेअर आली. लिफ्ट तळमजल्यापर्यंत येते, पण तिथून गेटकडे जायला चार पायऱ्या. दवाखान्यात न्यायचं तर वॉचमन आणि कुणीतरी दुसरा खुर्ची उचलून उतरवायचे. होळीच्या सुमाराला एकदा खुर्ची मधेच कलली. पडले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी खाली जायचं नावच टाकलं.

"मी काय... कंटेनर?" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर त्यांची जुनी मंडळी जमायची, ती ते गॅलरीतून बघायचे. मग गॅलरीतही येईनासे झाले.

"टीव्हीवर जे लागलंय तेच बघत बसतात गं," वैजयंतीताई मला म्हणाल्या. "बातम्या संपून कुकर-मिक्सरच्या जाहिराती लागल्या तरी तेच. रिमोट हातात असतो नुसता. मला भीती वाटते."

पायऱ्यांच्या कडेने उतार बांधला की प्रश्न सुटत होता. पण त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी, आणि नेमक्या त्याच जागी दरवर्षी सोसायटीच्या गणपतीचा मंडप पडतो. मंडपाच्या बाबतीत हिरामणदादांचा शब्द शेवटचा. ते मूळचे इथलेच, गावातले. आमच्या इमारती उभ्या राहण्याआधी या भागात त्यांच्या वडिलांची भातशेती होती.

वैजयंतीताईंनी भाषण लिहिलं आणि तोंडपाठ केलं. सभेत उभ्या राहिल्या, पदर धरला.

"आदरणीय अध्यक्ष महोदय आणि येथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! पायरी! पायरी म्हणजे काय? पायरी म्हणजे मानवाच्या प्रगतीचं प्रतीक! पण हीच पायरी जेव्हा एखाद्याच्या वाटेत उभी राहते..."

उजवा हात छतापर्यंत जाऊन आला. आवाज चढला, उतरला, योग्य जागी कापला. शेवटी स्वतः रचलेली चारोळी. हॉलमध्ये अशा टाळ्या पडल्या की मागच्या रांगेत पेंगणारे उठून बसले.

"ताई, एक नंबर!" आमचा चेअरमन विश्वजित म्हणाला. "अंगावर काटा आला. बरं, पुढचा विषय, पाण्याची टाकी."

आणि खरंच टाकीवर चर्चा सुरू झाली. उताराला कुणी विरोध केला नाही, पाठिंबा दिला नाही. बक्षीस समारंभ आटोपावा तसा विषय आटोपला. वैजयंतीताई टाळ्यांमुळे हसऱ्या चेहऱ्याने खाली बसल्या होत्या. टाकीचं अर्धं झाल्यावर त्यांच्या ते ध्यानात आलं.

मी त्यांच्याबरोबरच वर गेले. सुभाषराव जागे होते.

"झालं?"

"टाळ्या पडल्या."

"पायऱ्या?"

सुभाषरावांनी डाव्या हाताने शोकेसकडे खूण केली. "पहिलं... बक्षीस."

त्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला.

पुन्हा विषय मांडायचा तर गणपतीआधीच्या सभेत, तीच एक संधी. तयारी सुरू झाली. पुण्याहून त्यांची मुलगी जाई फोनवर होती.

"आई, तुला त्या लोकांकडून हवंय काय? एका वाक्यात सांग."

"सांगते ना. जीवनाच्या खडतर वाटेवर..."

"आई!"

सुभाषराव ऐकत होते. त्यांना 'पाणी' म्हणायचं तरी आधी जबड्याची जुळवाजुळव करावी लागते, त्यामुळे नको असलेला शब्द ते काढतच नाहीत. त्यांनी एक बोट वर केलं.

"एक... माग. मग... थांब."

वैजयंतीताईंना मागणं जमलं. थांबणं जमेना. मागून झालं की त्यांच्या तोंडून आपोआप "शेवटी जाता जाता" निघायचं आणि मागोमाग चारोळी.

सभेच्या आधी त्या हिरामणदादांकडे गेल्या. पहिल्या सभेत 'पायरी' शब्द निघताच सगळ्यांनी चोरून दादांकडेच पाहिलं होतं, हे वैजयंतीताईंना आता आठवत होतं.

"दादा, उताराबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझा? मना कोनी इचारलंच नाय, वयनी. तुमी भाषान केला, आमी टाल्या वाजवल्या."

दोघं खाली गेले. हिरामणदादांनी पावलं टाकून जागा मोजली, खांब कुठे येतील ते दाखवलं. खांब भिंतीकडे सरकले तर उतार बसत होता, पण मंडप अरुंद होत होता. दादांचं तोंड उतरलं. "बगू मीटिंगला," म्हणाले आणि निघून गेले.

सभेत वैजयंतीताई उभ्या राहिल्या. उजवा हात सवयीने वर निघाला, अर्ध्यातून परत आला.

"सुभाषराव होळीपासून खाली आलेले नाहीत. मला त्यांना गेटजवळच्या बाकापर्यंत न्यायचंय. पायऱ्यांच्या कडेने उतार बांधायला परवानगी द्या. मंडपाचे खांब सरकवावे लागतील आणि मंडप लहान होईल. हिरामणदादांबरोबर मी ते बघून आले आहे."

मग त्यांनी हनुवटी उचलली, छाती भरून श्वास घेतला. मला कळलं, आली चारोळी! मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

त्या खाली बसल्या.

हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. कुणीतरी खोकलं. विश्वजित कागद चाळत राहिला, कारण ह्या शांततेला पुढचा विषय जोडणं त्यालाही जड गेलं असावं. मग दुसऱ्या मजल्यावरची शर्मिला म्हणाली, "माझ्या सासूबाईंनाही त्या पायऱ्या उतरवत नाहीत." आणि सगळे हिरामणदादांकडे बघायला लागले, या वेळी उघड.

"मंडप ल्हान झाल्याचा मना वाईट वाटतंय, खोटा कशाला सांगू," ते म्हणाले. "पन गनपती आपलाच हाय. थोरा दाटीत बसंल. घे रे लिवून, इश्वजित."

हात वर झाले. समोरच्या रांगेत तर दोन्ही हात वर केलेले एक काका होते.

जिना चढताना वैजयंतीताई म्हणाल्या, "एकसुद्धा टाळी नाही पडली गं." आणि पायरीवरच बसून आधी पोटभर हसून घेतलं.

आता उतार झालाय. सुभाषराव संध्याकाळी बाकाजवळ खुर्ची लावून बसतात, आणि नवी तक्रार सुरू आहे की हा माणूस वर येत नाही.

"अहो! आमटी गार होतेय!" वैजयंतीताई गॅलरीतून हाक मारतात. ढाली मिळवलेला आवाज तो, समोरच्या इमारतीतलेही जेवायला बसतात.

"वयनी, भाषान नको," हिरामणदादा खालून ओरडतात. "पाठवतो त्यांना वर."

सुभाषराव मान वर न करता डाव्या हाताचं एक बोट दाखवतात, एक मिनिट. आणि वैजयंतीताई आमटीवर झाकण ठेवायला आत जातात.