मंजूमावशींनी लसूणघास उपटला त्याची गोष्ट

गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलो, वाडीत पाऊल टाकलं आणि डोकंच सटकलं. आमच्या लसूणघासाचा अख्खा वाफा उपटलेला... आणि बांधावर ओळीने जुड्या!

लसूणघास म्हणजे गाईचा चारा. कापला की पुन्हा फुटतो, आणि त्याच्या मुळांनी जमीनही सुधारते. आमच्या मागच्या तुकड्यात केळ धरेनाशी झाली तेव्हा पपा म्हणाले होते, "भराव टाकू, गाळे बांधू." मी हट्टाने एक हंगाम मागून घेतला आणि हा घास पेरला.

मंजूमावशी आमच्याकडे कित्येक वर्षं भाजी काढायला येतात. कोवळा घास दिसतो मेथीसारखा, आणि आमच्याकडे मेथी मुळासकट उपटूनच जुडी बांधतात. हा कापायचा असतो हे त्यांना सांगायला मीच विसरलो होतो... पण ओरडलो मात्र त्यांच्यावर.

"मना काय म्हाईत? मेथीच वाटली. पानी पन मारून ठेवलंय," बिचाऱ्या म्हणाल्या.

पपांनी एक जुडी उचलली. मुळांवरच्या बारीक गाठी बघून त्यांचा चेहरा पडला. वांग्याच्या मुळांना गाठी आल्या की रोप गेलंच समजायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. "रोग लागलाय. सोड आता हा नाद."

मी एक गाठ नखाने काढून चिरडली, आत गुलाबी... "पपा, रोगाची गाठ अशी सुटून येत नाही. आत गुलाबी म्हणजे ती जिवंत आहे, हवेतलं नत्र धरून जमिनीचं खत इथेच तयार होतं."

वीतभर मूळ न तुटता आलेलं, पपा तेच न्याहाळत राहिले. मग कुदळ आणली आणि रिकाम्या वाफ्यात घातली. जिथे ती टणकन उडायची, तिथे आरामात आत गेली.

जुड्या पेंढ्यात मिसळून गाईला घातल्या. दुपारी जेवताना पपा सहज म्हणाले, "त्या भराववाल्याला फोन कर. म्हणावं, जागा रिकामी नाही."

मला इतका आनंद झाला की ताट तसंच राहिलं.

उरलेले वाफे परवा मावशींनीच कापले, चार बोटं खुंट राखून. मावशी, त्या दिवशी आवाज चढवला त्याची माफी घरी मागितलीच आहे, इथेही मागतो... तुम्ही उपटलं नसतंत, तर मातीखाली काय चाललंय ते आम्हाला दिसलंच नसतं.