पलीकडचा काठ नसलेलं पाणी

"ह्यात काय पाहाचं?" हे वाक्य म्हणताना आमचा शेजारी खालचा ओठ पुढे काढायचा आणि हात असा झटकायचा, की समोरची वस्तू ताजमहाल असली तरी तिनं लाजून घरी जावं. कॉलनीत कुणी नवं घर बांधलं, की वास्तूच्या जेवणावर ताव मारून हा गृहस्थ दारातच म्हणायचा, "ह्यात काय पाहाचं?" तुमच्याही गल्लीत असा एक असेलच. जाऊन खात्री करून घ्या. अशा माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे, आणि आता तो राहिला नाही म्हणून मी गोड बोलावं, हे मला जमणार नाही.

यवतमाळात आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त एक कंपाउंडची भिंत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्य धरणावर आणि कालव्यावर गेलं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही पाण्याबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्याची समजूत. मी शाळेत विज्ञान शिकवायची, पण माझ्या नळाच्या तोटीबद्दलही तो मलाच शिकवी. "मॅडम, पाणी म्हंजे काय, ते पुस्तकात नाही समजत."

त्याची बायको मात्र सोन्यासारखी. वहिनींना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, कडेचं गेलेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल. एके दिवशी भिंतीवरून साखर मागता मागता वहिनी मला म्हणाल्या, "ताई, मले एकदा समुद्र पाहाचा हाय. दिसते तोवर."

एवढंच मागणं. बाईनं जन्मात दुसरं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि हा काय म्हणाला? "खारं पाणी पाहाले इतक्या दूर जाचं? येडी झाली काय? आपल्या धरणावर चल, चांगलं गोडं पाणी दाखवतो."

माझं डोकं फिरलं. कोकणात दिलेल्या माझ्या भाचीला फोन करून मी तिकडे समुद्राकाठचं एक घर भाड्यानं घेतलं आणि ह्या दोघांची तिकिटंही माझ्या नि माझ्या नवऱ्याच्या तिकिटांबरोबर काढून टाकली. मग आला मुकाट्यानं. मुकाट्यानं म्हणजे तोंड वाजवतच, पण आला. येताना पोत्यात कुकर, ज्वारीचं पीठ आणि ठेचा. "तिकडले लोक मच्छीशिवाय काही खात नाहीत."

घर सुरेख होतं. नारळी-पोफळीच्या वाडीच्या शेवटी एकटंच, कौलारू, आणि पडवीतून उतरलं की थेट वाळू. आसपास दुसरं घर नाही. देखरेखीला जवळच्या गावातली एक काकू येई. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती, सगळा समुद्र नुसता लखलखत होता. माझा नवरा सामान तिथंच टाकून वाळूत उतरला. आमचा शेजारी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पलीकडचा काठच दिसत नाही. मग पाहाचं काय?"

अरे देवा! समुद्राला पलीकडचा काठ हवा होता ह्याला!

समुद्राकडच्या खिडकीच्या गजांना त्यानं आपले धुतलेले बनियन आणि पंचा अडकवले. "ऊन मस्त हाय इथी." मी काढून टाकले, त्यानं परत अडकवले. आणि वहिनी? त्या स्वयंपाकघरात ह्याच्यासाठी भाकरी थापत होत्या. एवढ्या दूर येऊन! मी परात बाजूला सारली, त्यांचा हात धरला आणि पडवीत आणून बसवलं. त्या मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत राहिल्या, कारण एका वेळी त्यांना थोडाच तुकडा दिसायचा. "संपतच नाही व, ताई," त्या म्हणाल्या. आतून हाक आली, "भाकर करपून राह्यली!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी खूप आत गेलं होतं. मधे एक उथळ घळ आणि तिच्या पलीकडे वाळूचा ओला उंचवटा. ह्याच्या मनात काय आलं कोण जाणे, प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली, वहिनींना घळीपलीकडे नेलं आणि पार पाण्याजवळ खुर्ची मांडून बसवलं. "पाह्य आता पोटभर. मंग म्हणू नको, दाखवला नाही."

काकू अंगण झाडत होती. तिनं ओरडून सांगितलं, "भाऊ, भरती लागली हा! वयनीक वर घेवन येवा!"

हा माणूस परत येता येता हसला. आम्हाला म्हणतो, "मले शिकवते. पाणी एकदा उतरलं का उतरलं. वरून कोणी सोडल्याशिवाय वापस येते काय? अन् इथी वर हाय कोण सोडाले?" आणि चहा मांडायला आत निघून गेला. मी बावळट! पाणी-पाणी करून जन्म घालवलेला माणूस आहे, त्याला कळत असेल, असं मलाही वाटलं. भरती-ओहोटी मी फळ्यावर कितीदा काढली असेल, पण आमच्या यवतमाळात ती फळ्यावरच राहते.

समुद्र समोरून आलाच नाही. तो बाजूनं आला. घळीतून, गुपचूप, दोन्हीकडून. आणि वहिनींना बाजूचंच तर दिसत नव्हतं. त्या समोर बघत शांत बसलेल्या, आणि आमच्या नि त्यांच्या मधे पाण्याचा पट्टा रुंद होत चाललेला. मी किंचाळले.

चहाचं पातेलं तसंच टाकून हा धावला. पोहता येत नव्हतं बरं का! उभी हयात धरणावर काढली, पण पाण्यात कधी घोट्याच्या वर उतरला नाही, हे वहिनींनीच मला कधीतरी सांगितलं होतं. चपला, पँट, खिशातला चष्मा, सगळ्यासकट हा घळीत घुसला. छातीपर्यंत पाणी. "उठ! उठ ना व! ऐकू येत नाही काय?" असा भेसूर ओरडत होता. पलीकडे पोचला, बायकोला पाठीवर घेतलं आणि धडपडत, खारं पाणी गिळत परत आला. काकूनं नि माझ्या नवऱ्यानं हात देऊन वर ओढलं. खुर्ची गेली तरंगत.

आता माणूस काय म्हणेल? चुकलो म्हणेल. हा निथळत काकूवरच भडकला, "सांगाले काय झालं होतं तुमाले?"

"सांगलंय मां तुमका!" काकूनं कपाळावर हात मारला.

त्यानंतर घरी निघेपर्यंत वहिनींना पडवीच्या पायरीखाली उतरायची बंदी. आणि यवतमाळात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पानठेल्यावर ह्याचं सुरू, "गेलतो नं. खारं पाणी अन् मच्छीचा वास. ह्यात काय पाहाचं?" बायको बुडता बुडता वाचली, हे मात्र एका शब्दानं नाही.

वर्ष-दीड वर्षात वहिनींची नजर पुरती गेली. तो चहा करायला शिकला, भाकरीही थापायला शिकला, आणि तेही उपकार केल्यासारखा चेहरा करून. रस्त्यानं त्या ह्याच्या शर्टाचं टोक धरून चालायच्या आणि हा पुढून हुकूम सोडायचा, "खड्डा हाय. पाय उचल." माझा राग काही उतरला नव्हता.

एका संध्याकाळी तो माझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. फाटकाची कडी उगाच वरखाली करत म्हणाला, "मॅडम, तो समुद्र... सांजच्याले कोणत्या रंगाचा होता?"

"कशाला?"

"ते इचारून राह्यली."

"मग सांगा ना! तुम्हीच तर नेलं होतं जवळ."

त्यानं कडी लावली, परत उघडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, "जस्ताच्या नव्या पत्र्यासारखा, भाऊजी. कडेनं तांबूस." शाळेतल्या पोरासारखं तेच पुटपुटत तो गेला.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे दोघं पोर्चमध्ये बसलेली. मी तुळशीला पाणी घालत होते; ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं.

"जस्ताच्या पत्र्यावाणी होता. कडेनं तांबडा."

"हे ताईचं बोलणं हाय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही पाह्यलाच नाही नं?"

मग त्याचा आवाज आला, इतका बारीक की मला आधी तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. "नाही पाह्यला."

"बसा मंग. सांगते." वहिनींची खुर्ची सरकली. "लाट उभी राहे नं, तं फुटाच्या आधी एक घडीभर तिच्यातून उजेड दिसे. हिरवा. कवळ्या पानातून दिसते तसा. अन् लगेच पांढरं होऊन जाय सारं."

"हिरवा?"

"हिरवा. तुम्ही ओरडत होते, तवा मी तेच पाहून राह्यली होती."

"अन् मंग?" त्यानं विचारलं.